भिंतीवरचे एक्क्याण्णव

पालवे गुरुजींसमोर सहज म्हणून एखादा आकडा उच्चारायची सोय नव्हती. पाथर्डी तालुक्यातल्या त्या दोन शिक्षकी शाळेत मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हे कळलं. बदल्यांच्या यादीत माझा क्रमांक चौऱ्याऐंशीवा होता, म्हणून लांबच्या तालुक्यातून थोडक्यात वाचले, असं काहीसं मी बोलून गेले. नवीन माणसाला लोक विचारतात, कुठल्या तुम्ही, मिस्टर काय करतात. गुरुजींनी डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि म्हणाले, “चौऱ्याऐंशी लई मनमिळाऊ संख्या हाय, बाई. बारा विभाजक. कुनासंगं बी बसती.” झालं, मी मनात म्हटलं, आता या माणसाबरोबर किती वर्षं काढायची कोण जाणे.

ज्या ज्या संख्येनं निःशेष भाग जातो ते तिचे विभाजक, हे आपण सगळे पाचवीत शिकतो आणि सहावीत विसरतो. गुरुजी त्यावरच जगत. त्यांच्या लेखी संख्यांचे स्वभाव दोनच, मनमिळाऊ आणि हट्टी. हट्टी म्हणजे मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय तिला कुणाचाही भाग जात नाही. कुणाच्या मोटारसायकलचा नंबर, एसटीच्या तिकिटावरचा आकडा, पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या, सगळ्यांचा स्वभाव ते बघत. माझ्या स्कूटीचा नंबर हट्टी निघाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा अर्थपूर्ण पाहिलं, ते मला अजिबात आवडलं नाही.

रोज सकाळी हजेरी झाली की मुलांनी सारख्या रांगा धरायच्या. चोवीस मुलं असली तर सहाच्या चार की आठच्या तीन यावर भांडण व्हायचं आणि गुरुजी ते मजेत ऐकत उभे राहायचे. हजेरी तेवीस भरली की रांगा जुळायच्या नाहीत. मग गुरुजी स्वतः शेवटच्या रांगेत मांडी घालून बसत आणि चोवीस करत. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबापांच्या मागे मुलं जातात आणि बेचाळीसचा पट आठवड्याभरात सतरावर येतो. त्या दिवसांत गुरुजी पुष्कळदा जमिनीवर बसलेले दिसायचे. पन्नाशी उलटलेला, गुडघे दुखणारा माणूस, उठताना शेजारच्या पोराच्या खांद्याचा आधार घ्यायचा.

मुलांना मारत नसत, पण शिस्त कडक. त्यांचं एक वाक्य शाळेच्या पत्र्यालासुद्धा पाठ झालं असेल, “आधी पाठ, मंग इचार.” आधी पाढे घोका, नियम घोका, शंका नंतर. मला हे पटत नसे. मी डीएडला नव्या पद्धती शिकून आलेली. एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, “बाई, ह्या पोरांकडं सालाचे पाचच म्हैने असत्यात. इचारायला येळ कुठंय?” 

त्यांची खरी करामत म्हणजे चाळण. मैदानात चुन्याच्या फक्कीनं शंभर घरांचा चौकोन आखायचा, प्रत्येक घरात एक खडा. एकाचा खडा आधीच बाजूला, कारण तो कशातच मोडत नाही. मग चाळण सुरू. दोनाची चाळण म्हणजे दोन सोडून दोनाच्या पाढ्यातले सगळे खडे उचलायचे. मग तिनाची, मग पाचाची. यांचे खडे उभ्या नाहीतर तिरप्या ओळींत येतात, त्यामुळे शंभरापर्यंत मुलं धावत सुटत. शेवटी साताची. साताचे खडे वेडेवाकडे पडतात, म्हणून तिथं गुरुजी पाढा म्हणून घेत. सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, असं करत सात दाहे सत्तर. सत्तराला पाढा संपे आणि टाळ्या पडत. मग गुरुजी स्वतः पुढे होऊन सत्त्याहत्तरचा खडा उचलत आणि म्हणत, “ह्यो चोर. दोन साते शेजारी बसलेत, वळखा.” जे खडे उरले, त्या शंभराच्या आतल्या मूळ संख्या.

त्या सगळ्या त्यांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर स्वतःच्या हातानं रंगवल्या होत्या. निळी जमीन, पिवळी कड, पांढरे टपोरे आकडे. मी येण्याच्या नऊ वर्षं आधीची ती भिंत. केंद्रप्रमुखांनी तिचे फोटो काढले होते, दुसऱ्या शाळांचे शिक्षक ती बघायला येऊन गेले होते. मी त्या भिंतीसमोर बसून दोन वर्षं डबा खाल्ला. तिच्यावर सव्वीस आकडे होते. मी ते कधी मोजले नाहीत.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी कोमल पाचवीत होती. अंबादास आणि मंदा या ऊसतोड करणाऱ्या जोडप्याची थोरली मुलगी. आमची शाळा पाचवीपर्यंतच, पुढची शाळा पाच किलोमीटरवर, आणि आईबाप उसाच्या फडात असताना पोरीला घरी कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न. वस्तीवरच्या तिच्या आधीच्या मुलींचं काय झालं ते आम्हाला माहीत होतं. सहावीचं एक वर्ष अर्धंमुर्धं, मग फड, मग सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न. गुरुजींनी ठरवलं होतं की ही पोरगी तशी जाणार नाही. सहावीपासून राहायची सोय असलेल्या एका सरकारी शाळेची प्रवेश परीक्षा असते. पाचवीतच देता येते, एकदाच. टोळी गेली तेव्हा गुरुजींनी कोमलला पाथर्डीला आपल्या घरी ठेवून घेतलं. चार महिने सकाळ-संध्याकाळ तिच्याकडून तयारी करून घेतली. तिचा प्रश्न चुकला की यांना जेवण जात नसे, असं त्यांच्या मिसेसनी मला सांगितलं.

परीक्षेच्या केंद्रावर मीही गेले होते. कोमल बाहेर आली ती गंभीर तोंडानं. “गुरुजी, पेपरात चूक हाय,” ती म्हणाली. “मूळ संख्या कोनती इचारलंय. एकोननव्वद बी दिलीय आन् एक्क्यान्नव बी. दोनी बरोबर हायेत.”

“मंग तू काय केलं?”

“तुमी सांगितल्तं ना, दोन बरोबर वाटली तर मोठी घ्या. एक्क्यान्नव काळं केलं.”

गुरुजी खूश झाले. पेपर काढणाऱ्यांची चूक आपल्या पोरीनं पकडली, हे त्यांनी स्टँडपर्यंत भेटेल त्याला सांगितलं. “शिकल्या-सवरल्या मान्सांचं गनित कच्चं हाय, बाई.” मी हसले. मला चौथीपासून तेराचा पाढा येतो. रोज सकाळी आमची तिसरी-चौथीची मुलं तो हेल काढून म्हणायची आणि मीच चुकलेल्यांना दुरुस्त करायचे. पण पाढे सकाळी आणि मूळ संख्या दुपारी, या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती.

जूनमध्ये निकाल लागला. कोमल प्रतीक्षा यादीत पहिली. एका गुणानं जागा हुकली होती. गुरुजींना वाईटसुद्धा वाटलं नाही. पेपरच चुकीचा होता, तो गुण मिळणारच. त्यांनी वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, भिंतीचा मोठा रंगीत फोटो काढून घेतला आणि अंबादासला वस्तीवर जाऊन सांगितलं, “नाव लागलंच समज.” अंबादासनं टोळीच्या मुकादमाला कळवलं की औंदा पोरगी येणार नाही. मंदानं बाजारातून पत्र्याची पेटी आणली आणि कोमलनं तिच्या झाकणावर आतून आपलं नाव लिहिलं.

नगरच्या कार्यालयात मी गुरुजींबरोबर गेले, कारण माझंही सर्व्हिस बुकाचं काम होतं. टेबलामागच्या तरुण लिपिकानं अर्ज वाचला, फोटो उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “उत्तरसूचीत चूक नाही, सर.” गुरुजींचा आवाज चढला. दोन उत्तरं बरोबर असताना एकच धरणं हा एका गरीब पोरीवर अन्याय आहे, आपण वर जाऊ, असं ते बोलू लागले. आजूबाजूची टेबलं थांबली. मी त्यांच्या बाजूनं, पर्स सावरत, ठाम उभी.

दाराजवळच्या स्टुलावर एक वयस्क शिपाई बसले होते. ते उठून आले. फोटोकडे बघितलं आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “गुरुजी, तेर साती किती?”

गुरुजींचे ओठ हलले. तेर एके तेरपासून सुरुवात करून ते मनातल्या मनात वर चढत असावेत. त्यांचा अंगठा पेरांवरून सरकत सातव्या पेरावर थांबला आणि तिथंच राहिला. मी फोटोकडे बघितलं. तेर साती एक्क्याण्णव. माझ्या कानात आमच्या मुलांचा हेल सुरू झाला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. गुरुजींनी टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि लिपिकाला म्हणाले, “तुमाला तरास दिला.” शिपायांकडे मात्र त्यांना बघता आलं नाही.

आम्ही परतीची एसटी धरली. करंजी घाटात ते बोलले, खिडकीबाहेर बघतच. “मी बी टोळीतलाच, बाई. शाळेत दाहापोत्तर पाढे व्हायचे तवर दसरा यायचा. अकराचा पाढा लागायच्या टायमाला आमी फडात. वापस यावं तर परीक्षा झालेली. पुढचे पाढे मी मोठेपनी एकट्यानं पाठ केले. यायचे मला. पन तोंडात दाहापोत्तरच बसले.” मग म्हणाले, “त्या चाळनीत मी सत्तरालाच थांबलो. अकरा वर्सं.”

मी म्हटलं, “गुरुजी, चूक कुणाचीही होते. मी पण दोन वर्षं बघतेच आहे की.” हे मी त्यांच्यासाठी बोलले की स्वतःसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. ते म्हणाले, “तुमची भिंत न्हाई ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेआधी वस्तीवर गेले. एकट्यानं जाववेना म्हणून मला नेलं. अंबादास, मंदा आणि कोमल यांच्यासमोर उभ्यानंच त्यांनी सांगितलं की पेपर बरोबर होता, मी चुकीचं शिकवलं, पोरीची जागा माझ्यामुळं गेली. अंबादासला ते पटेना. त्याची समजूत अशी की नगरच्या साहेबांनी गुरुजींना दम दिला असणार. “तुमी कशाला वाईट वाटून घेता, गुरुजी? तुमी लई केलं तिच्यासाठी. न्हवतं आमच्या नशिबात.” मंदानं चहा ठेवला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर गुरुजींना सोपं गेलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. कप त्यांनी हातात नुसताच धरला होता.

कोमल दाराच्या उंबऱ्यात बसून जमिनीवर काडीनं काही करत होती. तिनं भागाकार मांडला होता. सातानं एक्क्याण्णव, भाग तेरा, बाकी शून्य. तिनं शून्याभोवती काडीनं गोल काढला. मग म्हणाली, “मी आधी एकोननव्वदवरच पेन ठिवला हुता.” तिच्या आवाजात राग नव्हता. गुरुजी कप खाली ठेवून बाहेर निघून गेले.

त्यानंतर जे गुरुजी मी पाहिले ते वेगळेच होते. मी सुचवलं की रविवारी गपचूप निळा रंग मारून तो आकडा बुजवू, कुणाला कळणारही नाही. ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. शिडी लावून त्यांनी एक्क्याण्णववर लाल रंगाची आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, ‘७ × १३. चूक माझी. पालवे.’ तपासणीच्या आधी केंद्रप्रमुखांनी सांगितलं, शाळेची शोभा जाते, पुसून टाका. गुरुजी म्हणाले, “शोभेपायीच अकरा वर्सं कुनी मोजलं न्हाई, सायेब.” केंद्रप्रमुख माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीकडे.

मग सुरू झाली त्यांची फिरती. शाळा सुटली की मोटारसायकल काढायची आणि जुन्या विद्यार्थ्यांची घरं गाठायची. अकरा वर्षांतली पाचवी पास झालेली पोरं. कुणी शेवगावात गॅरेजवर, कुणी टेम्पोवर, कुणी सासरी. दारात उभं राहून सांगायचं, “एक्क्यान्नव मूळ न्हाई. मी चुकीचं शिकवलं.” एका सासुरवाशिणीच्या दारात मी त्यांच्याबरोबर होते. भाकरीच्या पिठाचे हात घेऊन ती बाहेर आली. आधी तिला वाटलं माहेरी कुणी गेलं. सगळं ऐकल्यावर तिला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. “गुरुजी, मला आता कोन इचारनार हाय एक्क्यान्नव?” गुरुजी तिला पुन्हा समजावून सांगू लागले. सासू दारामागून बघत होती. परत येताना मी चिडून म्हटलं, “या मुलींना याचा काय उपयोग? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्यांना हातचं काम सोडून का उभं करता?”  ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. माझं बोलणं बरोबर होतं, तरी मी ते बोलायला नको होतं.

एवढ्यानं कोमलची जागा परत येणार नव्हती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. प्रतीक्षा यादी ऑगस्टअखेर संपली, तिच्यातल्या कुणाचाच नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी परीक्षेला बसायला तिचं वय आणि इयत्ता दोन्ही गेलेली. गुरुजींनी तिला आपल्या घरी ठेवून पाथर्डीच्या शाळेत घालायचं विचारलं. या वेळी मंदा नाही म्हणाली. मागल्या वर्षी परीक्षेसाठी ठेवली ते वेगळं, आता मोठी होत चाललेली पोरगी परक्या घरी किती वर्षं ठेवायची? यात ती चूक होती असं मला म्हणवत नाही. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला. पत्र्याच्या पेटीत मंदानं भांडी भरली होती. कोमल ट्रॉलीत त्या पेटीवर बसली. गुरुजी त्या दिवशी शाळेत होते, पण त्यांनी हजेरीनंतर रांगा करायला सांगितलं नाही. मुलं जिथं जागा मिळेल तिथं बसली.

डिसेंबरात माझी बदली अकोले तालुक्यात, राजूरच्या डोंगराकडे झाली. निघायच्या आधीच्या रविवारी गुरुजी म्हणाले, “बाई, राहुरीकडं चाललोय. येता का?” तेव्हा मला कळलं की हा माणूस दर रविवारी तीन तास एसटीनं जाऊन फडावर कोमलला सहावीचं गणित शिकवतो. मी म्हटलं, चला.

उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पाल्याच्या कोप्या होत्या, टोळी त्यांतच राहायची. अर्धा फड तुटलेला, बाकीचा उभा. कोमल हातातली पाचटाची जुडी टाकून आली, हात फ्रॉकला पुसले आणि गुरुजींपासून हातभर अंतरावर बसली. पूर्वी ती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची. बोटं चिरलेली होती. गुरुजींनी पिशवीतून पुस्तक काढलं. धडा शंभराच्या पुढच्या संख्यांचा होता. ते म्हणाले, “एकशे एक ही मूळ संख्या हाय.”

“थांबा,” कोमल म्हणाली. “बघू द्या.”

आणि ती मोठ्यानं करायला लागली. दोन नाही, टोकाला एक आहे. तीन नाही, अंकांची बेरीज दोन. पाच नाही. “सात चौदे अठ्ठ्यान्नव, उरले तीन. न्हाई. अकरा नवे नव्यान्नव, उरले दोन. न्हाई.” मग, “अकराच्या पुढं बघायची गरज न्हाई. अकरा गुनिले अकरा एकशे एकवीस, त्ये मोठंय.” हे शेवटचं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, “व्हय. मूळ हाय. लिवा.”

गुरुजींनी वहीत लिहिलं. तेवढ्यात ट्रक लागला आणि फडातून अंबादासची हाक आली. कोमल उठली, डोक्यावर चुंबळ ठेवली, मंदानं तिच्यावर मोळी चढवली. ट्रकला टेकवलेल्या फळीवरून ती वर चढू लागली. बारीक पाय, फळी दबत होती. गुरुजी वही मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होते.

“सगळं बरोबर आलं तिचं, बाई,” ते म्हणाले. “पन इथं आलं.”

माझी एसटी चारची होती. मी निघाले तेव्हा ते तिथंच मातीत बसलेले होते. कोमल तिसरी मोळी घेऊन फळी चढत होती, आणि ती मोकळी होईल तेव्हा पुढचं गणित तयार असावं म्हणून ते वहीत मान घालून लिहीत होते.